बीएएलच्या (फुप्फुस धुतलेल्या पाण्याच्या) प्रोटीन यादीत अर्धं रक्तच दिसतंय, यात दम्याचं नक्की काय? (उंदीर, ओव्हीए मॉडेल)

पिपेटवाली

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे आणि गेले दहा दिवस एकाच एक्सेल शीटकडे बघून डोळे दुखायला लागलेत म्हणून इथं लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

काम असं आहे की उंदरांमध्ये ॲलर्जीचा दमा तयार करायचा आणि फुप्फुसातली प्रोटीन्स कशी बदलतात ते बघायचं. बाल्ब-सी जातीच्या माद्या, ८ दम्याच्या, ८ कंट्रोल. सगळ्यांनाच दिवस ० आणि दिवस १४ ला २० मायक्रोग्रॅम ओव्हाल्ब्युमिन (ओव्हीए, अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन) ॲलममध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या क्षारात, मिसळून पोटात टोचलं, मग २१, २२ आणि २३ व्या दिवशी एका गटाला १ टक्का ओव्हाल्ब्युमिनचा फवारा नेब्युलायझरने दिला, दुसऱ्या गटाला नुसतं सलाइन. २४ व्या दिवशी डावं फुप्फुस बांधून ठेवलं (ते स्लाइडसाठी), आणि श्वासनळीत कॅन्युला (बारीक नळी) घालून उजवं पीबीएस या खारट बफरने धुतलं. पेशी खाली बसवल्या, वरचं पाणी उणे ८० ला ठेवलं. नंतर प्रत्येक सॅम्पलमधून १० मायक्रोग्रॅम प्रोटीन घेऊन ट्रिप्सिन या एन्झाइमने कापलं आणि एलसी-एमएसवर (प्रोटीनचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड्स, वजनावरून ओळखणारं मशीन, मासस्पेक) चढवलं.

मॉडेल लागलंय, त्यात शंका नाही. दम्याच्या गटात धुतलेल्या पाण्यातल्या अर्ध्याहून जास्त पेशी इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आहेत, स्लाइडवर श्वासनलिकांभोवती पेशींचे गोट दिसतात.

पण यादी बघा. वर गेलेल्यांमध्ये पहिल्या पानावर कोण, तर अल्ब्युमिन, ट्रान्सफरिन, हिमोपेक्सिन, कॉम्प्लिमेंट सी-३, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, फायब्रिनोजेन, आणि दोन तीन सॅम्पल्समध्ये चक्क हिमोग्लोबिन. म्हणजे मी फुप्फुस धुतलं की रक्त काढलं तेच कळेना. मधेच वायएम-१ आणि वायएम-२ आहेत, ते मात्र प्रचंड वर. खाली गेलेल्यांत सगळ्यात ठळक सीसी-१० (श्वासनलिकांच्या अस्तरातलं प्रोटीन). पाथवे ॲनालिसिसला यादी टाकली तर ते म्हणतंय 'कॉम्प्लिमेंट अँड कोॲग्युलेशन', म्हणजे रक्तातली प्रतिकाराची प्रोटीन्स आणि रक्त गोठणं. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते सायटोकाइन्स (पेशींचे निरोप नेणारी छोटी प्रोटीन्स), आयएल-४, आयएल-५, आयएल-१३, यातलं एकही नाही. एकही!!

गाइड म्हणतात कोॲग्युलेशनवर पेपर लिहू. मला काही ते पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये. कुणी या वाटेने गेलंय का?

---

मासस्पेक_मामा

आयएल-१३ का दिसलं नाही याचं उत्तर सोपं आहे, ते रडणं आधी थांबव. हे सायटोकाइन्स धुतलेल्या पाण्यात एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये असतात, दहा, शंभर, फार फार तर काहीशे. अल्ब्युमिन असतं मायक्रोग्रॅममध्ये, आणि तेही दहांनी शेकड्यांनी. म्हणजे जवळजवळ दहा लाखांचा फरक झाला. मशीन एका क्षणाला जे पेप्टाइड जास्त आहे तेच आधी उचलतं, अल्ब्युमिनचे तुकडे एवढे असतात की बाकीच्यांना नंबरच लागत नाही. भर जत्रेत कुणीतरी कुजबुजलं आणि ते ऐकू आलं नाही म्हणून तो माणूस तिथं नव्हताच असं म्हणण्यासारखं आहे हे. आयएल-५ आणि १३ साठी एलायझा किंवा मल्टिप्लेक्स (अँटिबॉडीने नेमकं प्रोटीन मोजायच्या चाचण्या) करायचा, मासस्पेककडून ती अपेक्षा ठेवायचीच नाही.

कुणीतरी आता सांगेल की अल्ब्युमिन आधी काढून टाक. टाक, पण जपून. अल्ब्युमिन काढायची बरीच कॉलम्स माणसाच्या अल्ब्युमिनसाठी बनवलेली असतात, ती उंदराच्या अल्ब्युमिनला नीट धरतीलच असं नाही, आणि अल्ब्युमिनला चिकटलेली छोटी प्रोटीन्स त्याच्याबरोबर निघून जातात ते वेगळंच. शिवाय दम्याच्या गटात अल्ब्युमिन जास्त म्हणजे कॉलम तिथं जास्त भरणार, दोन्ही गटांना सारखी वागणूक मिळत नाही.

हिमोग्लोबिनवाली सॅम्पल्स डोळ्यांनी बघ. गोठवायच्या आधी गुलाबी होती का? कॅन्युला घालताना श्वासनळीच्या बाजूची रक्तवाहिनी कापली गेली की थेंबभर रक्त खाली उतरतं आणि तेवढंही पुरतं. वहीत लिहिलं असेल तर उत्तम, नसेल तर पुढच्या वेळी लिही, प्रत्येक ट्यूबचा रंग लिहायचा. आमच्याकडे नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो आणि दुसऱ्या दिवशी ती विसरतात.

आता खरा मुद्दा. तू लिहिलंस 'प्रत्येक सॅम्पलमधून १० मायक्रोग्रॅम'. इथंच गोची आहे. दम्याच्या गटात एकूण प्रोटीन किती होतं आणि कंट्रोलमध्ये किती, बीसीएचे (एकूण प्रोटीन मोजायच्या चाचणीचे) आकडे दे.

---

पिपेटवाली

मामा, वही काढली. दोन ट्यूबपुढे 'फिकट गुलाबी' लिहिलंय, आणि हिमोग्लोबिन त्या दोन्हीत आहे 🙈 तिसऱ्यापुढे काही लिहिलेलं नाही.

बीसीएमध्ये दम्याच्या गटात एकूण प्रोटीन कंट्रोलच्या साधारण अडीच पट आहे. पण म्हणूनच तर सारखं घेतलं ना? सारखं लोड करायचं असंच शिकवलंय.

---

मासस्पेक_मामा

पेशींच्या किंवा टिश्यूच्या लायसेटला (फोडून काढलेल्या रसाला) ते चालतं. तिथं आपण धरून चालतो की पेशीतलं एकूण प्रोटीन फारसं बदलत नाही, थोड्या गोष्टी वरखाली होतात. धुतलेल्या पाण्यात एकूण प्रोटीन बदलणं हाच आजाराचा भाग आहे.

असं बघ. कंट्रोलच्या १०० भाग प्रोटीनमध्ये सीसी-१० समज ५ भाग आहे. दम्याच्या उंदरात सीसी-१० तेवढंच ५ आहे, जराही बदललं नाही, पण रक्तातून १५० भाग प्रोटीन गळून आलं. आता एकूण २५०. त्यातून तू पुन्हा १०० भाग मोजून घेतलेस. सीसी-१० किती आलं? २. आणि तू लिहिणार 'सीसी-१० निम्म्याहून खाली गेलं'. ते कुठं गेलं, जागेवरच बसलंय, शेजारी गर्दी झाली एवढंच.

खाली गेलेली तुझी सगळी यादी या चाळणीतून परत काढ. प्रत्येक आकड्याला त्या सॅम्पलच्या एकूण प्रोटीनने गुणून परत आण, म्हणजे 'एका मिलिलिटरमागे किती' असं येईल. किती पीबीएस घातलं आणि किती परत आलं हेही लिहिलेलं असेल तर अजून चांगलं. सॉफ्टवेअरने वरून मीडियन नॉर्मलायझेशन (सगळ्या सॅम्पल्सचा मधला आकडा सारखा करणं) मारलं असेल तर ते आधी बंद कर, नाहीतर तेच पाप दुसऱ्या दाराने आत येतं.

---

जुनी_स्लाइड

मी पॅथॉलॉजीवाली आहे, मशीनमधलं मला मामांइतकं कळत नाही, पण यादी वाचून हसू आलं कारण ही अगदी तशीच आहे जशी असायला पाहिजे. अगं, तुझ्यापुढे एक यादी नाहीये, तीन याद्या एकात एक मिसळल्यात. आधी त्या निवडून वेगळ्या कर, तांदळातले खडे निवडतात तशा, मग पाथवे बिथवे.

पहिला ढीग गळतीचा. सूज आली की रक्तवाहिन्या आणि एपिथेलियम (नळ्यांचं अस्तर) सैल होतात आणि प्लाझ्मा आत झिरपतो. तुझ्या यादीतली अल्ब्युमिन, ट्रान्सफरिन, हिमोपेक्सिन, सी-३ ही बहुतेक लिव्हरमध्ये बनलेली आहेत, फुप्फुसाने ती बनवली नाहीत. (सी-३ थोडं तिथंही बनतं, तो वाद सध्या बाजूला ठेवू.) म्हणून तुझं पाथवे सॉफ्टवेअर कोॲग्युलेशन म्हणतंय. त्याला तू रक्त दिलंस, ते म्हणालं रक्त आहे. त्याचं काही चुकलं नाही.

हा ढीग ओळखायची एक साधी युक्ती आहे. प्रत्येक प्रोटीनला त्याच सॅम्पलमधल्या अल्ब्युमिनने भाग. जे अल्ब्युमिनच्या हातात हात घालून वर गेलंय त्याचं गुणोत्तर दोन्ही गटांत साधारण तेवढंच राहतं, ते गळतीत गेलं. वायएम-१ ला भागून बघ, ते तसंच वर राहील. आकारही बघ. अल्ब्युमिन ६६ हजार डाल्टन, अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन ७ लाख २० हजारांच्या आसपास. दोन्ही सारख्याच पटीने वर असतील तर भोकं मोठी पडलीयत, नुसतं छोटंच वर असेल तर चाळणी अजून थोडी शाबूत आहे. माझ्या मते 'कोॲग्युलेशन पाथवे' या मथळ्यापेक्षा हे एक वाक्य पेपरला जास्त किमतीचं आहे.

दुसरा ढीग पाहुण्या पेशींचा. इओसिनोफिल आले की त्यांच्या दाण्यांमधली प्रोटीन्स येतात, मेजर बेसिक प्रोटीन, इओसिनोफिल पेरॉक्सिडेझ. पण एक गंमत सांगते, उंदराचे इओसिनोफिल माणसाच्या मानाने आपले दाणे सहजासहजी फोडत नाहीत. पेशी भरमसाट दिसतात पण वरच्या पाण्यात त्यांचं प्रोटीन अपेक्षेपेक्षा कमी. ते तुला खाली बसलेल्या पेशींच्या गोळीत सापडेल. ती गोळी फेकली नाहीस ना?

तिसरा ढीग म्हणजे फुप्फुसाने आणि तिथल्याच मॅक्रोफेजने (कचरा गिळणाऱ्या पेशींनी) त्या दिवसांत स्वतः बनवलेलं. खरा माल हा. वायएम-१, वायएम-२, एएमकेस, फिझ-१, अर्जिनेझ-१, सीएलसीए-१, एजीआर-२, एमयूसी-५एसी. आयएल-४ आणि आयएल-१३ नी एसटीएटी-६ या पेशीतल्या निरोप्यामार्फत जो हुकूम दिला त्याची ही तामिली. हुकूम देणारा यादीत नाही म्हणून तू वैतागलीस, पण त्याच्या सहीचे कागद तर टेबलभर पडलेत!

यातल्या वायएम-१ बद्दल थोडं जास्त लिहिते, माझं लाडकं प्रोटीन आहे. ४५ हजार डाल्टनच्या आसपास, कायटिनेझच्या घराण्यातलं, पण कायटिन कापायचं काम याला येत नाही, घराणं आहे पण गाणं नाही. निरोगी उंदराच्या अल्व्हिओलर मॅक्रोफेजमध्येही असतंच, म्हणून तुझ्या कंट्रोलमध्ये शून्य येणार नाही. आणि दम्यात, विशेषतः जुनाट सुजेत, हे इतकं साचतं की त्याचे स्फटिक होतात. एच-अँड-ई (नेहमीच्या रंगाने रंगवलेल्या) स्लाइडवर गुलाबी, टोकदार, सुईसारखे, काही मॅक्रोफेजच्या पोटात तर काही मोकळे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं स्लाइड कापताना काहीतरी काशी झाली. माणसाच्या दम्यातही कफात टोकदार स्फटिक सापडतात, शार्को-लायडन क्रिस्टल्स, शार्कोने १८५३ मध्ये आणि लायडनने १८७२ मध्ये वर्णन केलेले. ते मात्र गॅलेक्टिन-१० चे असतात, आणि उंदराकडे गॅलेक्टिन-१० नाहीच. उलट माणसाकडे वायएम-१ नाही. दिसायला तेच, पण प्रोटीन वेगळं, पेशी वेगळी. डिस्कशन लिहिताना 'वायएम-१ हा दम्याचा मार्कर होऊ शकेल' असं वाक्य हातून गेलं तर रिव्ह्यूअर सोलून काढेल.

आणि नावांचा घोळ. वायएम-१, सीएचआय३एल३, सीएचआयएल३ हे तिन्ही एकच. गॉब-५, जुनं सीएलसीए-३, आत्ताचं सीएलसीए-१, हेही एकच. फिझ-१ म्हणजेच रेल्म-अल्फा, जीनचं नाव आरईटीएनएलए. २००० साली ओव्हीए दिलेल्या उंदरांच्या अशाच धुतलेल्या पाण्यात सापडलं, नावाचा अर्थच 'सुजेच्या जागी सापडलेलं'. जुने पेपर वाचताना तीच व्यक्ती तीन नावांनी भेटते, फसू नकोस.

---

कफ_आणि_कणा

जुनी_स्लाइड यांच्या तिसऱ्या ढिगात माझी भर, कारण मी म्युसिनवर (कफ चिकट करणाऱ्या प्रोटीनवर) काम करते आणि म्युसिनला प्रोटिओमिक्समध्ये कायम सावत्र वागणूक मिळते.

एमयूसी-५एसी हे म्युसिन तुझ्या यादीत खाली कुठंतरी, दोन तीन पेप्टाइडवर, असेल. म्हणून ते कमी आहे असं समजू नको. हे प्रचंड मोठं प्रोटीन आणि त्याच्या मधल्या भागावर साखरेच्या साखळ्या इतक्या दाट की ट्रिप्सिनला चावायला जागाच नाही, टोकाकडचे थोडेसे तुकडे मिळतात तेवढेच. वर चिकट कफ नळीत तसाच अडकून राहतो, पीबीएसने हलत नाही. म्हणजे ज्या उंदराला सगळ्यात जास्त कफ झालाय त्याच्या पाण्यात म्युसिन कमी येऊ शकतं! डाव्या फुप्फुसाची स्लाइड पीएएसने (कफातली साखर रंगवणाऱ्या रंगाने) रंगव. निरोगी बाल्ब-सीच्या आतल्या नळ्यांमध्ये किरमिजी पेशी शोधूनही मिळत नाहीत, दम्याच्या उंदरात नळीच्या कडेने मण्यांची माळ ओवल्यासारख्या दिसतील. पाण्यात म्युसिनचा माग काढायचा असेल तर सीएलसीए-१ बघ, ते गॉब्लेट (कफ बनवणाऱ्या) पेशीतूनच येतं, सुटं असतं आणि छान कापलं जातं.

सीसी-१० बद्दल मामांचं गणित बरोबर आहे पण सगळं त्या गणितावर ढकलू नका. सीसी-१० नळ्यांच्या अस्तरातल्या क्लब पेशी बनवतात, आणि उंदरात याच क्लब पेशी आयएल-१३ च्या हुकमाने कफ बनवायला लागतात, तीच पेशी धंदा बदलते. तेव्हा थोडी घट खरी असायला वाव आहे. हिशोब दुरुस्त केल्यावर काय उरतं ते कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

---

पंपवाला

माफ करा, मी तुमच्या क्षेत्रातला नाही, मला लहानपणापासून दमा आहे म्हणून हा धागा शोधताना सापडला. निम्मं डोक्यावरून गेलं पण तांदळाचे खडे कळले. एक साधा प्रश्न, उंदराच्या फुप्फुसात अमुक प्रोटीन वाढलं याचा माझ्यासारख्याला काही उपयोग आहे का, का हे सगळं उंदरांपुरतंच? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय.

---

जुनी_स्लाइड

दादा, चांगला प्रश्न आहे आणि आमच्या मीटिंगमध्ये हा कुणी विचारत नाही.

उंदराला आपणहून दमा होत नाही. आपण त्याला अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन पोटात टोचून चिडवतो, मग तेच नाकातोंडातून देतो. तीन चार आठवड्यांत सगळं संपतं. तुमचा दमा वर्षानुवर्षांचा, नळ्यांची भिंत हळूहळू जाड होत गेलेली. उंदराला ओव्हीए महिनोन्महिने देत राहिलं तर बऱ्याचदा तो त्याला सरावतो आणि सूज उलट उतरते. म्हणून हल्ली बरेच जण घरातल्या धुळीतल्या माइटचा अर्क नाकात थेंबाने देतात, त्याला ॲलमची गरज नसते. त्यातलं डर-पी-१ हे स्वतःच प्रोटीन कापणारं एन्झाइम आहे, ते एपिथेलियमचे सांधे उसवतं. तिथली प्रोटीन यादी ओव्हीएच्या यादीपेक्षा वेगळी दिसते, आणि माणसाच्या थोडी जवळची.

उपयोग झालाय का, तर झालाय, पण सरळ रेषेत नाही. आयएल-५ अडवलं की उंदरात इओसिनोफिल गायब होतात हे आधी दिसलं. मग माणसात आयएल-५ अडवणारं औषध मेपोलिझुमॅब देऊन बघितलं, २००० साली आलेल्या एका छोट्या ट्रायलमध्ये सौम्य दम्याच्या लोकांचे इओसिनोफिल उतरले पण नळ्यांचा चिडचिडेपणा काही कमी झाला नाही. बऱ्याच जणांनी तेव्हा हात टेकले. २००९ मध्ये ज्यांना तीव्र दमा आहे आणि ज्यांच्यात इओसिनोफिल खरोखर जास्त आहेत अशांना निवडून दिलं तेव्हा त्यांचे जोराचे अटॅक कमी झाले, २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध तेच होतं, माणसं चुकीची निवडली होती. आयएल-४ आणि आयएल-१३ दोन्ही ज्या दारातून आत शिरतात ते दार बंद करणारं ड्युपिलुमॅब २०१८ मध्ये दम्यासाठी आलं, त्यामागेही उंदरांतलं बरंच काम आहे. आणि वायएम-१ च्या घराण्यातलं माणसाकडे असलेलं वायकेएल-४० दम्याच्या काही रुग्णांच्या रक्तात जास्त असतं हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे उंदराने गल्ली दाखवली, घर नंबर माणसातच शोधावा लागला.

तुमचा पंप डॉक्टरांनी सांगितलाय तसा चालू ठेवा, आमच्या गप्पा वाचून त्यात काही फेरफार करू नका.

---

पंपवाला

नाही नाही, पंप सोडत नाही 😄 धन्यवाद, पहिल्यांदा कुणीतरी न वैतागता सांगितलं.

---

रात्रपाळी

सगळं वाचलं. सगळ्यांनी सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. पिपेटवाली, तुझ्या यादीत कोंबडी कुठंय?

म्हणजे असं, तू तीन दिवस त्या उंदरांना ओव्हाल्ब्युमिन हुंगवलंस. ते प्रोटीन फुप्फुसात गेलं. २४ तासांत बरंचसं साफ होतं पण मासस्पेकला उरलंसुरलं दिसू शकतं. तू सर्च फक्त उंदराच्या डेटाबेसवर केलास ना? मग ओव्हाल्ब्युमिनची पेप्टाइड्स सॉफ्टवेअरला ओळखूच येणार नाहीत, कारण ते कोंबडीचं प्रोटीन आहे. कोंबडीच्या ओव्हाल्ब्युमिनचा सिक्वेन्स डेटाबेसमध्ये घाल, ट्रिप्सिन आणि माणसाचं केराटिनही घाल (ते तुझ्याच त्वचेचं, वाईट वाटून घेऊ नको) आणि परत सर्च लाव.

जाता जाता, नावात अल्ब्युमिन असलं तरी ओव्हाल्ब्युमिनचं अल्ब्युमिनशी काही नातं नाही. ते सर्पिन घराण्यातलं, म्हणजे तुझ्या यादीतल्या अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचं दूरचं भावंड. ३८५ अमिनो आम्लं. इम्युनॉलॉजीवाले ज्याची जपमाळ ओढतात ते आठ अक्षरी सिनफेकल पेप्टाइड शोधत बसू नको, ट्रिप्सिन लायसिननंतर कापतं त्यामुळे त्याचं शेवटचं ल्युसिन पुढच्या तुकड्यात जातं.

अजून एक. एस१००ए८, एस१००ए९, मायलोपेरॉक्सिडेझ, लिपोकॅलिन-२ हे किती आहेत बघ. ही न्यूट्रोफिलची (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची) मंडळी. खूप वर असतील तर ओव्हाल्ब्युमिनमध्ये एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) होतं का ते तपास, बाजारातल्या अंड्याच्या ओव्हाल्ब्युमिनमध्ये ते बऱ्याचदा असतं. थोडं एंडोटॉक्सिन ॲलर्जीकडे ढकलतं, जास्त झालं तर गाडी वेगळ्याच रुळावर जाते, हे २००२ मध्ये ओव्हीए हुंगवूनच दाखवलंय. दोन लॅबच्या याद्या जुळत नाहीत त्यामागे कितीतरी वेळा हेच असतं असं माझं मत आहे.

---

पिपेटवाली

चार दिवस गायब होते, सगळं परत केलं. क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

मामा, नॉर्मलायझेशन बंद करून मिलिलिटरमागे आकडे काढले. खाली गेलेली यादी जवळजवळ रिकामी झाली!! जी प्रोटीन्स 'कमी' झाली म्हणून मी दोन स्लाइड्स बनवल्या होत्या ती तिथंच होती. सीसी-१० मात्र अजून खाली आहे, आधी वाटलं होतं त्याच्या निम्मीच घट, पण आठही उंदरांत एकाच दिशेने. सारख्या व्हॉल्यूमवर वेस्टर्न (अँटिबॉडीने एका प्रोटीनची पट्टी दाखवणारी चाचणी) लावलाय, पट्टी फिकट दिसतेय. कफ_आणि_कणा ताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पीएएसही केलं, मण्यांची माळ अगदी तशीच.

अल्ब्युमिनने भागल्यावर ट्रान्सफरिन, हिमोपेक्सिन, अँटिट्रिप्सिन सगळे एका ओळीत सपाट. अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन पण वर आहे पण अल्ब्युमिनएवढं नाही. भागूनही वर राहिले ते वायएम-१, वायएम-२, फिझ-१, सीएलसीए-१, एजीआर-२ आणि पीआयजीआर (अस्तरातून अँटिबॉडी पार नेणारं प्रोटीन). गाइडना हा एकच ग्राफ दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले 'कोॲग्युलेशन राहू दे'. पेशींची गोळी फेकली नव्हती, फ्रीजरमध्ये मिळाली. न्यूट्रोफिलवाली फारशी वर नाहीत, तेवढं सुटले.

आता कोंबडी. ओव्हाल्ब्युमिन घालून सर्च केला, दम्याच्या आठही उंदरांत सापडलं, छान पाच सहा पेप्टाइड्स. आणि दोन कंट्रोलमध्येही सापडलं.

रात्रभर झोपले नाही. ट्यूबांची अदलाबदल झाली का? पण त्या दोघांचं वायएम-१ बाकी कंट्रोलसारखंच कमी, पेशीही मॅक्रोफेजच. रन ऑर्डर काढली तर त्यातला एक कंट्रोल बरोबर दम्याच्या सॅम्पलच्या मागे चढवलेला होता, मधे ब्लँक (प्रोटीन नसलेला रिकामा रन) नव्हता.

---

मासस्पेक_मामा

तो कॅरिओव्हर. आधीच्या सॅम्पलचं कॉलमला चिकटलेलं पुढच्यात उतरलं. ब्लँक मधे घालून परत चढव, जाईल. दुसरा?

---

पिपेटवाली

दुसऱ्याच्या आधी दोन ब्लँक होते, मामा. तरी ओव्हाल्ब्युमिन आहे, आणि परत चढवल्यावरही आहे.

---

रात्रपाळी

फवारा द्यायची पेटी दोन्ही गटांना एकच होती का? आणि त्या दिवशी आधी कोण गेलं?

---

पिपेटवाली

एकच पेटी. कंट्रोल आधी, मग ओव्हीएवाले, रोज असंच ठरलेलं. आत्ता वही बघितली. २२ व्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे, कंट्रोलच्या दुसऱ्या पिंजऱ्याला उशीर झाला म्हणून ओव्हीएनंतर पेटी पुसून सलाइन दिलं. 'पुसून' लिहिलंय, 'धुऊन' नाही. तो उंदीर त्याच पिंजऱ्यातला.

त्याची सायटोस्पिनची (पाण्यातल्या पेशी काचेवर बसवलेली) स्लाइड परत काढली आणि या वेळी ३०० पेशी नीट मोजल्या, आधी १०० वर थांबले होते. ६ इओसिनोफिल. बाकीच्या कंट्रोलमध्ये ३०० मागे एखादा, नाहीतर शून्य.

त्या पिंजऱ्यातले बाकीचे तीन आज मोजायला घेतेय.